π म्हणजे १८० नव्हे

अकरावीला रेडियनचा भाग सुरू झाला की मुलांना एक सल्ला हमखास मिळतो : "पाय दिसला की त्याच्या जागी एकशेऐंशी टाका, गणित डिग्रीत करा आणि शेवटी परत फिरवा." को-टर्मिनल कोन आले की त्याला दुसरं वाक्य जोडलं जातं : "हे सगळे कोन शेवटी एकच. तीनशेसाठ मिळवा नाहीतर वजा करा, विषय संपला." आणि कुणी याच्या खोलात जायला लागलं की तिसरं वाक्य तयार असतं : "हे सगळं हल्ली कम्प्युटर करतो, मुलांचा वेळ कशाला खाता?" शिक्षकांच्या खोलीत, क्लासच्या नोट्समध्ये, पालकांच्या बोलण्यात ही तीन वाक्यं वर्षानुवर्षं फिरत आहेत.

या तिन्हींना माझा विरोध आहे. पहिल्यानं वेळ वाचतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो जातो. दुसरं गणिताच्या दृष्टीनं सरळ चूक आहे. आणि तिसऱ्याबद्दल एवढंच म्हणेन, की कम्प्युटरला हे जमतं, कारण कुणीतरी बसून को-टर्मिनल कोनाचा विचार रेडियनमध्ये शेवटपर्यंत केला. आपण मुलांना नेमका तोच विचार टाळायला शिकवत आहोत.

आधी विषय काय आहे ते नीट मांडू. एक किरण आरंभाच्या जागेवरून फिरवला आणि कुठंतरी थांबवला की दिष्ट कोन तयार होतो. घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवला तर कोन धन, घड्याळाच्या दिशेनं फिरवला तर ऋण. किरण एक फेरी पूर्ण करून पुढं गेला, दोन फेऱ्या करून गेला, किंवा उलटा फिरून आला, तरी तो त्याच जागी थांबू शकतो. असे, एकाच अंतिम किरणावर थांबणारे कोन को-टर्मिनल. कसोटी एकच : दोन कोनांमधला फरक पूर्ण फेऱ्यांचा हवा. डिग्रीत ती फेरी ३६० ची, रेडियनमध्ये २π ची. म्हणजे को-टर्मिनल कोन काढायचा, तर पूर्ण फेऱ्या किती झाल्या आणि उरलं किती, हे वेगवेगळं करायचं. पाचवीतला भागाकार आणि बाकी, एवढंच त्याचं मूळ आहे.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं त्याच्या सगळ्यात मजबूत रूपात घेतलं पाहिजे. डिग्री मुलाच्या ओळखीची असते. कंपासपेटीतला कोनमापक त्यानं लहानपणापासून हाताळलेला असतो. ३६० ला २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२ अशा कितीतरी संख्यांनी नि:शेष भाग जातो, त्यामुळं रोजचे कोन पूर्णांकात येतात. सर्व्हेअर, खलाशी, नकाशे काढणारे आजही डिग्रीतच बोलतात. दहावीपर्यंतची त्रिकोणमिती डिग्रीत झालेली असते. अकरावीतही को-टर्मिनलची ओळख आधी डिग्रीत होते आणि रेडियन मागून येतो. वर एमएचटी-सीईटीचा गणिताचा पेपर ५० प्रश्नांचा आणि ९० मिनिटांचा. एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. अशा वेळी ओळखीच्या रस्त्यानं जा, असं शिक्षकानं सांगितलं, तर त्यात मुलाचं भलं व्हावं हीच इच्छा असते.

त्या इच्छेबद्दल मला शंका नाही. पण रस्ता खरंच जवळचा आहे का, ते मोजून बघू.

४१π/६ ला को-टर्मिनल असलेला, ० ते २π मधला कोन काढायचा आहे. डिग्रीचा रस्ता असा : ४१ गुणिले १८०, म्हणजे ७३८०. त्याला ६ नं भागा, १२३०. त्यातून ३६० च्या पटीतली संख्या वजा करायची. तीन फेऱ्यांचे १०८०, उरले १५०. आता १५० ला π/१८० नं गुणा, संक्षेप द्या, उत्तर ५π/६. दोनदा रूपांतर आणि मध्ये एक मोठा गुणाकार. रेडियनचा रस्ता असा : एक फेरी २π, म्हणजेच १२π/६. ४१ मध्ये १२ तीन वेळा जातात, बाकी ५. उत्तर ५π/६. गणित संपलं. छेद सारखा केला की π आणि ६ बाजूला राहतात आणि फक्त ४१ भागिले १२ उरतं. दोन मिनिटांच्या प्रश्नात कुठला रस्ता धरावा, हे आता वेगळं सांगायला नको.

ऋण कोनातही हेच. −२५π/४ घ्या. एक फेरी ८π/४. −२५ मध्ये ८ किती वेळा मिळवले की संख्या ० ते ८ मध्ये येते? चार वेळा. −२५ + ३२ = ७. उत्तर ७π/४. तीनच वेळा मिळवले तर −π/४ येतो. तोही को-टर्मिनलच आहे, पण ० ते २π मधला नाही. प्रश्नात कुठला मागितला आहे, हे मुलाला इथं डोळ्यांसमोर दिसतं, कारण फेऱ्या तो स्वतः मोजत असतो. डिग्रीतल्या −११२५ आणि ३६० मध्ये तो आकडेमोडीतच गुंततो.

आता जरा वेगळा छेद घेऊ : १००π/७. रेडियनमध्ये एक फेरी १४π/७. १०० मध्ये १४ सात वेळा, बाकी २. उत्तर २π/७. एका ओळीचं काम. डिग्रीवाल्या मुलाला मात्र १८००० ला ७ नं भागावं लागतं : २५७१.४२८५७१... आणि हे आकडे पुढं असेच फिरत राहतात. सात फेऱ्यांचे २५२० वजा केले की ५१.४२८५७१... उरतात. यावरून उत्तर २π/७ आहे हे तो कसं ओळखणार? जी युक्ती ६ आणि ४ च्या छेदाला चालते ती ७ ला, ११ ला, १३ ला अडते. म्हणून मग पेपरातही ६ आणि ४ चेच छेद येत राहतात, आणि युक्ती बरोबर आहे असा समज पक्का होतो. आपण शिकवण्याला साजेसे प्रश्न काढतो आणि प्रश्न सुटले म्हणून शिकवणं बरोबर ठरवतो.

हे झालं वेगाचं. खरं नुकसान यापेक्षा मोठं आहे. "पाय म्हणजे एकशेऐंशी" हे वाक्य शंभर वेळा कानावर पडलेल्या मुलाला π नसलेला रेडियन ओळखताच येत नाही. त्याला विचारा, १० रेडियनचा कोन कुठल्या चरणात? बरीच मुलं लगेच "पहिल्या" म्हणतात, कारण १० दिसलं की त्यांना १० डिग्री दिसते. १० डिग्रीची साइन सुमारे ०.१७४ आहे आणि १० रेडियनची सुमारे −०.५४४. चिन्हसुद्धा वेगळं. π ही एक संख्या आहे, ३.१४१५९ आणि पुढं. १८० डिग्री म्हणजे π रेडियन, हे विधान बरोबर आहे. π म्हणजे १८० हे विधान चूक आहे. मधला "रेडियन" हा शब्द गिळला की एका मापाचं समीकरण एका संख्येच्या माथी मारलं जातं, आणि मुलाच्या हातून ती संख्याच निसटते.

१० रेडियन म्हणजे काय, हे दाखवायला एक दोरी पुरते. १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ पुठ्ठ्यावर कापून घ्या. १ रेडियन म्हणजे त्रिज्येइतकी लांबी परिघावर गुंडाळली की मध्यभागी होणारा कोन. म्हणजे १० रेडियनसाठी १० त्रिज्यांची, १०० सेंटिमीटरची दोरी घ्यायची आणि पुठ्ठ्याच्या कडेनं गुंडाळायला लागायचं. ६२.८ सेंटिमीटरला पहिली फेरी पुरी होते. हातात ३७.२ सेंटिमीटर उरते. अर्धी फेरी ३१.४ ची. म्हणजे दोरीचं टोक अर्ध्या फेरीच्या पुढं पावणेसहा सेंटिमीटरवर पडतं, तिसऱ्या चरणात. हेच कागदावर : १० − २π = ३.७१६८, जो π पेक्षा मोठा आणि ३π/२ पेक्षा, म्हणजे ४.७१२४ पेक्षा, लहान. ज्या मुलानं दोरी एकदा गुंडाळली, त्याला २π वजा करणं म्हणजे काय हे परत सांगावं लागत नाही. एक पूर्ण वेढा त्यानं बोटांखालून जाताना पाहिलेला असतो.

आता ३५५ रेडियनचा कोन घेऊ, कारण असले आकडे निरर्थक आहेत असं सांगितलं जातं. π साठी शाळेतलं २२/७ वापरलं, तर एक फेरी ४४/७ ची. ५६ फेऱ्यांचे बरोबर ३५२ होतात, उरले ३. तीन हे π पेक्षा लहान, म्हणून दुसरा चरण, साइन धन. π साठी ३.१४ वापरलं, तर ५६ फेऱ्यांचे ३५१.६८, उरले ३.३२. हे π पेक्षा मोठं, म्हणून तिसरा चरण. आणि π ची खरी किंमत घेतली, तर ५६ फेऱ्यांचे सुमारे ३५१.८५८४, उरले ३.१४१६२, म्हणजे π च्या जेमतेम ०.००००३ पुढं. तिसरा चरण, पण इतका काठावर की साइन जवळजवळ शून्य, −०.००००३. एकच कोन आणि तीन बाक्या. कारण उघड आहे : २२/७ मधली चूक लहानच आहे, पण प्रत्येक फेरीमागे ती परत मोजली जाते, आणि ५६ फेऱ्यांत साठून ०.१४ होते. चुका अशा साठत जातात, ही गोष्ट अकरावीच्या मुलाला एका उदाहरणात कळते. हिशोब, मोजमाप, यंत्र, यांतलं कुठलंही काम पुढं करणाऱ्या माणसाला ती उपयोगी पडणार आहे.

"हे कम्प्युटर करतो" म्हणणाऱ्यांनी कम्प्युटर काय करतो ते पाहावं. सी, जावा, पायथन, अगदी ऑफिसातलं एक्सेल, सगळीकडे साइन काढताना कोन रेडियनमध्येच द्यावा लागतो. एक्सेलमध्ये ३० ची साइन मागितली तर ०.५ मिळत नाही, −०.९८८ मिळतं, कारण ते ३० रेडियन धरतं. मोठा कोन दिला की आत पहिलं काम असतं पूर्ण फेऱ्या बाजूला काढण्याचं. कोन प्रचंड असेल तर π चे किती दशांश अंक घ्यावे लागतील, हा खरोखरचा अवघड प्रश्न होता. मेरी पेन आणि रॉबर्ट हॅनेक यांनी १९८३ मध्ये त्याची रीत मांडली आणि ती आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. ज्याला आपण दोन मार्कांचा भाग म्हणतो, त्यावर जाणत्या लोकांनी शोधनिबंध लिहिले आहेत.

शिवाय कम्प्युटर दिलेलं काम करतो, विचार करून घेत नाही. −२५π/४ ला २π नं भागून बाकी मागितली, तर सी भाषेतलं फलन −π/४ देतं आणि पायथनचं बाकीचं चिन्ह ७π/४ देतं. दोन्ही को-टर्मिनल, दोन्ही बरोबर. पण यंत्रमानवाचा हात कुणीकडून वळवायचा, हे त्यांपैकी कुठलं उत्तर घेतलं यावर ठरतं. −π/४ घेतलं तर हात आठव्या हिश्श्याइतकाच फिरेल, ७π/४ घेतलं तर जवळजवळ पूर्ण फेरी मारून तिथंच पोचेल. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ऋण आणि धन को-टर्मिनल कोनांतला फरक ठाऊक नसेल, तर त्याची उणीव यंत्र भरून काढत नाही.

इथून आपण दुसऱ्या आणि माझ्या मते सगळ्यात घातक विधानाकडे येतो : "को-टर्मिनल कोन शेवटी एकच." अंतिम किरण एक असतो, त्यामुळं साइन, कोसाइन, टॅन सारखे येतात. इथवर मान्य. पण कोन म्हणजे नुसता शेवटचा किरण नाही, तिथवरचं फिरणंही त्यात धरलेलं आहे. रहाटावर दोराचे दोन वेढे आहेत की पाच, यावर बादली किती खोल गेली हे ठरतं, मग रहाटाची मूठ दोन्ही वेळा एकाच जागी का असेना.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला हे माहीत असतं. फोर-स्ट्रोक इंजिनचं एक चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ४π रेडियनमध्ये, पुरं होतं. कॉम्प्रेशन संपताना पिस्टन अगदी वर असतो. क्रँकचा तो कोन ० धरला, तर २π फिरल्यावर पिस्टन पुन्हा अगदी वर येतो. ० आणि २π को-टर्मिनल आहेत, क्रँक त्याच जागी, पिस्टन त्याच उंचीवर. पण पहिल्या वेळी दाबलेला वायू पेटायच्या बेतात असतो आणि दुसऱ्या वेळी जळलेला धूर बाहेर जात असतो. जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या गाडीत टायमिंग लावताना या दोन वरच्या जागांची गल्लत झाली, तर ठिणगी नेमकी एक फेरी चुकून पडते आणि गाडी सुरूच होत नाही. म्हणून मेकॅनिक क्रँकची खूण जुळली एवढ्यावर थांबत नाही, व्हॉल्व्ह बंद आहेत का तेही बघतो. ही कोणती फेरी, हे तो तपासतो.

यामागचं गणित सोपं आणि फार महत्त्वाचं आहे. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. क्रँकच्या कोनात २π ची भर पडली की कॅमच्या कोनात π ची पडते, आणि π नं कोन अगदी विरुद्ध दिशेला जातो. म्हणजे दोन को-टर्मिनल कोन निम्मे केले, तर ते को-टर्मिनल राहतीलच असं नाही. "एकच" असलेल्या दोन गोष्टींना २ नं भागून वेगवेगळी उत्तरं येत असतील, तर त्या एकच नव्हत्या. याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा?

हाच मुद्दा बारावीत मुलांचे मार्क खातो. साइन २क्ष = १/२, क्ष ० ते २π मध्ये, सगळी उत्तरं काढा. "शेवटी एकच" शिकलेला मुलगा २क्ष साठी π/६ आणि ५π/६ घेतो, निम्मे करतो, π/१२ आणि ५π/१२ लिहितो आणि पुढच्या गणिताला जातो. पण क्ष ० ते २π फिरत असताना २क्ष ० ते ४π फिरतो, दोन पूर्ण फेऱ्या. दुसऱ्या फेरीतले १३π/६ आणि १७π/६ हे पहिल्या दोघांना को-टर्मिनल आहेत म्हणून त्यानं ते टाकले. निम्मे केले की त्यांची उत्तरं १३π/१२ आणि १७π/१२ येतात, आणि ती पहिल्या दोन्हींपासून वेगळी आहेत. चारातली दोन उत्तरं गेली. संमिश्र संख्यांची घनमुळं काढतानाही हेच : कोनात २π आणि ४π मिळवून तीनानं भागलं तरच तीन मुळं मिळतात, फेऱ्या आधीच टाकल्या तर हातात एकच मूळ राहतं. जनरल सोल्यूशनमधला तो २nπ मुलांना पाठ करायचं शेपूट वाटतो. तो टाकलेल्या फेऱ्यांचा हिशोब आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

उलट बाजूची गल्लतही याच पाठांतरातून येते. १३π/६ आणि −१७π/६ को-टर्मिनल आहेत का? फरक ३०π/६, म्हणजे ५π. "π च्या पटीत आहे" म्हणून मुलं हो म्हणतात. टॅन दोघांचा सारखाच येतो, त्यामुळं खात्री अधिकच वाढते. पण ५π म्हणजे अडीच फेऱ्या, किरण नेमके विरुद्ध दिशांना. एखादं गुणोत्तर सारखं आलं म्हणून कोन को-टर्मिनल होत नाहीत. फेऱ्या पूर्ण हव्यात, हे मनात पक्कं असेल तर ही चूक होत नाही.

रेडियनबद्दल आणखी एक समज आहे, की हे पाश्चात्त्यांचं कृत्रिम माप आहे आणि आपली परंपरा अंश-कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). नाव खरोखर अलीकडचं आहे. १८७३ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या परीक्षेच्या प्रश्नांत ते पहिल्यांदा छापलं गेलं. पण त्यामागची कल्पना पाहायची तर इ.स. ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीयातलं ज्यांचं, म्हणजे साइनचं, कोष्टक उघडावं. वर्तुळाचा परीघ २१६०० कला, आणि त्याच कलांमध्ये मोजलेली त्रिज्या ३४३८. कंस आणि त्रिज्या एकाच मापात मोजायच्या, हाच रेडियनचा गाभा. २१६०० ला २π नं भागलं की ३४३७.७५ येतात, म्हणजे आर्यभटाची त्रिज्या एका रेडियनच्या कला आहे. त्यामुळंच त्या कोष्टकात २२५ कलांच्या कंसाची ज्या २२५ च येते. लहान कोनात साइन आणि कोन जवळजवळ सारखे असतात, ज्यावर पुढं सगळं कलनशास्त्र उभं राहिलं, ते इथं आकड्यांत दिसतं. डिग्रीत मोजलं की ही गोष्ट लपते आणि साइनचं विकलन करताना दर वेळी π/१८० चं ओझं वाहावं लागतं.

आणि पूर्ण फेऱ्या टाकून बाकी ठेवण्याबद्दल बोलायचं, तर आपल्या पंचांगाचा पायाच तो आहे. ग्रहाची मध्यम जागा काढताना भगण (युगातल्या ग्रहाच्या एकूण फेऱ्या) गुणिले अहर्गण (आरंभापासून लोटलेले दिवस) भागिले युगाचे दिवस, असं गणित येतं. भागाकार म्हणजे पुऱ्या झालेल्या फेऱ्या, त्या बाजूला ठेवायच्या आणि बाकीवरून राशी, अंश, कला काढायच्या. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या ग्रहलाघवात ४०१६ दिवसांचं चक्र धरलं. तेवढ्या दिवसांत सूर्य अकरा फेऱ्यांना जेमतेम १ अंश ४९ कला कमी पडतो. अकरा फेऱ्या सोडून द्यायच्या आणि दर चक्रामागे एवढंच वजा करायचं. मोठ्या धन कोनाच्या जागी छोटा ऋण को-टर्मिनल कोन घेतला की हातानं करायचं गणित किती हलकं होतं, हे त्यांनी पुरेपूर ओळखलं होतं.

गणेश दैवज्ञांनी अंश-कला वापरल्या, रेडियन नव्हे, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे आणि माझ्या मुद्द्याला बाधक नाही. फेऱ्या आणि बाकी वेगळ्या करण्याचा विचार कुठल्याही मापात करता येतो. पण ते एका मापात सुरुवात करून त्याच मापात शेवट करत होते. आपण रेडियनमध्ये दिलेला कोन डिग्रीत नेऊन परत आणतो आणि त्या जाण्या-येण्यालाच गणित म्हणतो. शिवाय त्याच पंचांगकर्त्यांनी फेऱ्या कायमच्या टाकलेल्या नाहीत. सूर्यसिद्धांतात महायुगातल्या चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्यांतून सूर्याच्या ४३,२०,००० वजा करून ५,३४,३३,३३६ चांद्रमास मिळतात आणि त्यावरूनच अधिक महिने किती हे ठरतं. जागा काढायची तेव्हा फेऱ्या बाजूला, काळ मोजायचा तेव्हा त्याच फेऱ्या हाती. को-टर्मिनल कोन "शेवटी एकच" असते, तर अधिक मासाचा हिशोबच लागला नसता.

तेव्हा माझी मागणी डिग्री हाकलून देण्याची नाही. जमीन मोजताना, नकाशा वाचताना, कंपासपेटी उघडताना डिग्री राहू द्या. पण कोन रेडियनमध्ये दिला असेल, तर तो रेडियनमध्येच सोडवायला शिकवा. त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम लागत नाही. पहिल्या तासाला पुठ्ठा आणि दोरी. दुसऱ्याला छेद सारखा करून भागाकार, त्यात ७ आणि ११ चे छेद मुद्दाम, ऋण कोन मुद्दाम, आणि १०, −४, ३५५ असे π नसलेले कोनही. उत्तरात नुसता कोन लिहून घेऊ नका, किती फेऱ्या टाकल्या तेही लिहून घ्या : ४१π/६ = ३ फेऱ्या + ५π/६. तिसऱ्या तासाला तेच कोन निम्मे करायला सांगा आणि आता ते को-टर्मिनल राहिले का, हे विचारा. पेपर काढणाऱ्यांनी यातला एखादा प्रश्न दरवर्षी विचारला, तर क्लासच्या नोट्स आपोआप बदलतील, कारण क्लास पेपराच्या मागं जातो.

"पायच्या जागी एकशेऐंशी" या युक्तीनं मुलाला त्या दिवशीचं उत्तर मिळतं, हे मी नाकारत नाही. पण तोच मुलगा बारावीत अर्धी उत्तरं गमावतो, इंजिनिअरिंगला रेडियन प्रति सेकंदाच्या गणिताशी अडखळतो, आणि दोन्ही वेळा आपलं डोकंच गणिताला चालत नाही असं मनाशी ठरवून टाकतो. त्याच्या डोक्यात काही कमी नसतं. फेऱ्या आणि बाकी या दोन गोष्टी त्याच्यासमोर कधी वेगळ्या मांडल्या गेल्या नाहीत, एवढंच झालेलं असतं. ते काम शिकवणाऱ्यांचं आहे आणि अकरावीच्या पहिल्याच धड्यात ते झालं पाहिजे.